सैन्य मोडताना: पहिल्या शिध्यापासून शेवटच्या पावतीपर्यंत

तह झाला, सह्या झाल्या, फोटो निघाले. आणि आता कुणीतरी तुमच्या हातात एक फाइल ठेवली आहे: अमुक ठिकाणी शिबिर लावा, इतक्या हजार सैनिकांना ठेवून घ्या, त्यांची हत्यारं जमा करा आणि सहा महिन्यांत सगळ्यांना घरी पाठवा. त्या सहा महिन्यांवर फार विसंबू नका. नेपाळमध्ये माओवादी सैन्याची ७ मुख्य आणि २१ उपशिबिरं २००७ च्या सुमारास थोड्या दिवसांची सोय म्हणून वसली. ती रिकामी व्हायला २०१२ उजाडलं.

मी पुरवठ्याचा माणूस. दोन शिबिरं उभी करण्यात आणि मोडण्यात माझा हात होता. पहिल्या वेळी इतक्या चुका केल्या की दुसऱ्या वेळी लोक मला अनुभवी समजायला लागले. ज्यांना राजकारण ठरवायचं नाही, ठरलेलं फक्त निभवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाटाघाटी, युद्धगुन्हे, नवं सैन्य कसं बांधायचं हे विषय इथे मिळणार नाहीत.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. हातातलं हत्यार गेलं तरी पलटण पलटणच राहते. माणसं एकमेकांना ओळखतात, आपल्या नायकाचं ऐकतात आणि पगार थकला असेल तर एकत्र बसून तापतात. म्हणून कामाचा क्रम असा: शिधा, नोंदणी, हत्यार, पैसा, प्रवास. मागचं पाऊल घट्ट रोवल्याशिवाय पुढचं उचलू नका.

आणि सगळी पावलं गाळून टाकली तर काय होतं तेही पाहून ठेवा. इराकमध्ये २३ मे २००३ रोजी एका हुकमाने सगळं सैन्य बरखास्त झालं. शिबिर नाही, यादी नाही, पगाराचं काय करणार त्याचा पत्ता नाही. काही लाख माणसं लढाईचा सराव आणि डोक्यात राग घेऊन घरी बसली. निदर्शनं सुरू झाली तेव्हा महिन्याभराने भत्ता जाहीर करावा लागला. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

१. आधी आकडा

सेनापतीने दिलेला आकडा लिहून घ्या, पण कोठार त्या आकड्यावर भरू नका. तो फुगवलेला असतो, कारण जास्त माणसं म्हणजे जास्त शिधा आणि बोलणीत जास्त वजन. कधी उलटही असतं. निवडक माणसं आणि चांगली हत्यारं रानात ठेवून शिबिरात म्हातारे आणि नवशिके पाठवलेले असतात.

मी तीन मोजण्या करतो. पहिली नायकांच्या यादीची. दुसरी लंगरच्या रांगेची, म्हणजे प्रत्यक्ष जेवणाऱ्या तोंडांची. तिसरी रात्री अकरानंतर तंबूतंबूतून फिरून केलेली. या तिन्हींत फरक पडणारच. फरक कुठे आणि का पडतो हे कळलं की निम्मं शिबिर कळलं. लंगरचा आकडा यादीपेक्षा मोठा असेल तर बायकामुलं किंवा आसपासच्या वस्तीतले लोक जेवताहेत. रात्रीचा आकडा लहान असेल तर माणसं नावापुरती शिबिरात आहेत.

कुटुंबं धरायला विसरू नका. जुन्या मराठी फौजांमागे बुणगे चालत, तसं आजही प्रत्येक सैन्यामागे एक दुसरं सैन्य असतं: बायका, मुलं, स्वयंपाकी, हमाल, जखमी, पोरके. कागदावर ती नसतात, पण पाणी पितात.

तयारी आकड्यापेक्षा कमी असली तर काय होतं, त्याचं उदाहरण लायबेरियाचं. डिसेंबर २००३ मध्ये राजधानी मोनरोव्हियाजवळच्या एका छावणीत काम सुरू झालं तेव्हा सोय हजारभर माणसांची होती. दहा दिवसांत बारा हजारांवर लढवय्ये येऊन थडकले. पैसे आजच हवेत म्हणून दंगल झाली, माणसं मेली, काम थांबवावं लागलं. पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडला. घाईने चार दिवस वाचवायला गेले आणि चार महिने गेले.

२. जागा आणि पाणी

यात गुंतागुंत नाही, फक्त तडजोड करायची नाही. पाणी आधी, सावली नंतर, रस्ता त्यानंतर. पावसाळ्यात ट्रक पोचेल का हे पावसाळ्यात तिथे राहणाऱ्यालाच विचारा.

मदतकार्यात सगळीकडे वापरले जाणारे किमान आकडे पाठ करा: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचालय, २५० माणसांमागे एक नळ. हजार माणसांना रोज १५ हजार लिटर लागलं, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दोन फेऱ्या आणि एक टँकर नादुरुस्त होणार हे धरून आणखी एका टँकरची सोय. शौचालयं ५०. पहिल्या आठवड्यात वीस माणसांमागे एक जमलं नाही तर पन्नासांमागे एक तरी हवंच. त्याच्या खाली गेलात की दवाखाना आधी उघडावा लागेल.

सरहद्दीपासून लांब, मोठ्या शहरापासून लांब, आणि कालच्या शत्रूच्या छावणीपासून तर फारच लांब जागा निवडा.

३. शिधा

लढाई चालू असते तोवर पुरवठ्याला सगळे विचारतात. युद्ध संपल्याच्या दुसऱ्या दिवशी विचारणं बंद होतं. ट्रक परत मागवले जातात, ठेकेदाराची मुदत संपते, चांगले कारकून सर्वांत आधी सुटून घरी जातात. माणसं तेवढीच राहतात. उलट काम नसल्यामुळे जेवणाकडे त्यांचं लक्ष दुपटीने असतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर जे पेटलं त्यात स्वातंत्र्याची ओढ होती, गोऱ्या अधिकाऱ्यांची अरेरावी होती, सुटका लांबल्याची चीड होती. पण ठिणगी पडली ती ताटातल्या निकृष्ट अन्नावरून.

हिशेब असा धरा. जगण्यापुरतं म्हणून दिवसाला २,१०० कॅलरीचा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तो लहानथोर सगळ्यांची सरासरी आहे, धडधाकट तरुणांच्या शिबिराला पुरत नाही. धान्यच माणशी अर्धा किलोच्या थोडं वर धरा. म्हणजे हजार माणसांना रोज साधारण साडेपाच क्विंटल, महिन्याला सोळा-सतरा टन. शिवाय डाळ, तेल, मीठ, साखर. आणि सरपण! माझ्या पहिल्या शिबिरात धान्य वेळेवर आलं, सरपणाचं टेंडरच कुणी काढलं नव्हतं. दहा दिवसांत आसपासची झाडं उजाड झाली आणि गावकऱ्यांशी पहिलं भांडण तिथेच झालं.

तीन नियम सांभाळा.

कोठारात कायम तीस दिवसांचा साठा ठेवा. वीसवर आला की बोंब मारा, दहावर येईपर्यंत वाट बघत बसू नका.

शिधा नायकांच्या हातात एकगठ्ठा देऊ नका. दिला की तो त्यांची सत्ता होतो: आपल्या माणसाला जास्त, तक्रार करणाऱ्याला कमी. पण नायकांना पूर्ण वगळूही नका, रांग तेच लावू शकतात. वाटप तुमच्या माणसांनी करावं, नायकाने शेजारी उभं राहावं, आणि वजनकाटा सगळ्यांना दिसेल असा ठेवावा.

आणि आसपासच्या वस्तीला काहीतरी द्या. दवाखाना उघडा ठेवा, पाण्याचा एक नळ कुंपणाबाहेर काढा. कालपर्यंत ज्यांनी गावं लुटली त्यांना आज फुकट जेवण, आणि लुटलेल्यांना काही नाही, हे फार दिवस कुणी बघत बसत नाही.

हाताशी काय हवं

पहिला माणूस दारात येण्याआधी हे टेबलावर पाहिजे:

- तहाच्या कलमांची प्रत, त्यात कुणाला काय मिळणार हे खूण करून
- नायकांच्या सहीची माणसांची यादी, दोन प्रती
- पानांवर आधीच क्रमांक छापलेली बांधीव रजिस्टरं. सुटे कागद गळतात, आणि गळलेलं पान नेमकं भांडणाचं असतं
- ओळखपत्रांचं साहित्य: कॅमेरा, ठशांची शाई, प्लास्टिक लावायचं यंत्र, आणि वीज गेली तर चालेल असा जनरेटर
- हत्यारांच्या पावत्या, तीन प्रतींच्या: एक माणसाला, एक शस्त्रागारात, एक मुख्यालयात
- कोठाराचं लेजर आणि मालवाटपाची व्हाउचरं
- तक्रारींची वही. ही लागतेच
- माणसांच्या भाषा येणारे दुभाषे. यात एक तरी बाई असू द्या

संगणक जरूर वापरा. पण वाद झाला की लोक स्क्रीन बघायला येत नाहीत, आपला अंगठा कुठे उमटलाय ते बघायला येतात.

४. नोंदणी

इथे ठरतं कोण सैनिक आणि कोण नाही, आणि पुढचे सगळे तंटे याच टेबलावर जन्माला येतात. म्हणून निकष पहिल्या दिवशी मोठ्या अक्षरांत फलकावर लावा आणि न वाचता येणाऱ्यांसाठी दिवसातून दोनदा मोठ्याने वाचा.

बंदूक आणली तो सैनिक, हा सर्वांत सोपा निकष आणि सर्वांत फसवा. सिएरा लिओनमध्ये हत्याराची अट होती म्हणून सैन्याबरोबर वर्षानुवर्षं फिरलेल्या, राबलेल्या, कित्येकदा पळवून नेलेल्या अनेक बाया आणि मुली यादीबाहेर राहिल्या. त्यांची बंदूक आदल्या आठवड्यात कुणा पुरुषाने काढून घेतलेली. लायबेरियात उलटी गंमत: मूठभर काडतुसं आणली तरी नाव लागत होतं. शेवटी एक लाखावर माणसं नोंदली गेली आणि बंदुका जमल्या अठ्ठावीस हजारांच्या आसपास.

माझी पद्धत अशी. प्रत्येकाला एकट्याला बसवून पाच-सात साधे प्रश्न: कुठल्या तुकडीत, नायक कोण, त्याच्या आधी कोण होता, शेवटचा तळ कुठे, तिथे पाणी कुठून आणत होता. पाण्याचा प्रश्न कामाचा. नायकाचं नाव पढवता येतं. पाणी कुठून यायचं हे तिथे राहिलेल्यालाच माहीत असतं.

अठरा वर्षांखालची मुलं दिसली की त्यांची रांग वेगळी करा, झोपण्याची जागा वेगळी, आणि बालसंरक्षणाचं काम करणाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. मुलांची सुटका तहातल्या कुठल्याही अटीवर अडकवायची नसते. नेपाळमध्ये २००७ च्या पडताळणीत ४,००८ जण अपात्र ठरले, त्यांतले २,९७३ वयामुळे. ते शिबिरांतून बाहेर पडले २०१० च्या सुरुवातीला. सोळा वर्षांचं पोर शिबिरातच अठराचं झालं.

अपात्र ठरलेल्याला कारण सांगा, लेखी द्या, आणि अपिलाची खिडकी दाखवा. नुसतं ‘नाही’ ऐकून कुणी जात नाही, तो दारातच बसतो.

५. हत्यारं

क्रम बदलू नका. दारावर मॅगझिन काढणं, वाळूच्या पोत्यांच्या आडोशाकडे नळी करून बंदूक रिकामी आहे याची खात्री, मग क्रमांक वाचून नोंद, मग पावती, मग कोत, म्हणजे शस्त्रागार. काडतुसं आणि बंदुका एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. हातबॉम्ब, तोफेचे गोळे, सुरुंग असलं काही ‘घेऊन या’ म्हणून चुकूनही सांगू नका. जागा दाखवायला सांगा, तज्ज्ञ तिथे जातील. माणूस सांगितल्याबरहुकूम गोळा खांद्यावर टाकून रांगेत येतो आणि रांगेत तीनशे जण असतात.

क्रमांक खोडलेली बंदूकही घ्या. शेरा मारा, तुमचा नवा क्रमांक ठोका, माणसाला अडवू नका.

बंदुकीला थेट भाव लावणं टाळा. भाव जाहीर झाला की सरहद्दीपलीकडून मोडक्या बंदुका यायला लागतात आणि चांगल्या जमिनीत पुरल्या जातात. पैसा माणसाच्या नावावर द्या, बंदुकीच्या नव्हे.

विश्वासच नसेल तर कुलूपकिल्लीची विभागणी कामी येते. नेपाळमध्ये बंदुका कंटेनरमध्ये बंद झाल्या, किल्ली माओवाद्यांच्याच नायकाकडे राहिली. पण कंटेनरवर संयुक्त राष्ट्रांच्या लोकांची नजर, कॅमेरे आणि भोंगा. मान राखला गेला आणि कुलूपही टिकलं. नवख्या अधिकाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. हरलो नाही असं वाटणाऱ्या माणसाकडून हत्यार काढून घेऊन बघा म्हणजे कळेल.

जमलेल्या हत्यारांचं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा, कोतीत पडून राहिलेली बंदूक पाय फुटून चालू लागते. मालीमध्ये २७ मार्च १९९६ रोजी टिंबक्टूत सुमारे ३,००० हत्यारं लोकांसमोर जाळली. कोलंबियात बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या ८,९९४ हत्यारांचं धातू वितळवून स्मारकं केली. जाळा, वितळवा, कापा. काहीही करा, पण लोकांसमोर करा.

६. आधी कोण सुटणार

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, आणि जिंकलेल्या सैन्यांतही बंड होतं ते यावरूनच. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश सरकारने ठरवलं, ज्यांना कारखान्यांत लगेच काम आहे त्यांना आधी सोडायचं. अर्थशास्त्र अगदी बरोबर. पण कामावर घेतो असं मालकाचं पत्र असायचं ते नुकत्याच भरती झालेल्यांकडे, आणि चार वर्षं खंदकात काढलेला मागेच. ३ जानेवारी १९१९ ला इंग्लंडमधल्या फोकस्टनच्या बंदरात हजारो सैनिकांनी फ्रान्सला परत नेणाऱ्या बोटींवर चढायला नकार दिला. चर्चिल युद्धमंत्री झाला आणि त्याच महिन्यात नियम बदलला: वय, नोकरीची वर्षं, जखमा.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते शहाणे झाले होते. १८ जून १९४५ पासून सुटका सुरू झाली, वय आणि नोकरी एवढ्यावरच. दोन महिन्यांची नोकरी म्हणजे एक वर्ष वय. शिपाई स्वतःच आपला गट काढू शकत होता. अमेरिकेने गुण ठेवले: नोकरीचे महिने, परदेशातले महिने, लढाया, मुलं, आणि सुरुवातीला ८५ गुणांना घर. यात फार शास्त्र नाही, पण ज्याला त्याला आपला नंबर बोटांवर मोजता येतो आणि साहेबाच्या मर्जीला जागा उरत नाही. तुमची फूटपट्टी कोणतीही असो, बोटांवर मोजता येईल अशी असू द्या आणि मध्येच बदलू नका. जानेवारी १९४६ मध्ये अमेरिकेने सुटकेचा वेग कमी केल्याचं जाहीर केलं, तेव्हा फिलिपिन्समध्ये मनिलात त्यांचेच हजारो सैनिक रस्त्यावर उतरले. हरलेला शत्रू समोर नव्हताच, राग आपल्याच सरकारवर होता.

७. पैसा

इथे थांबून नीट वाचा.

इसवीसनपूर्व २४१. रोमशी तेवीस वर्षं चाललेलं युद्ध उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज हे नगरराज्य हरलं. सिसिलीत त्यांची भाडोत्री फौज होती, वीसेक हजारांची, पगार थकलेला. तिथला अधिकारी गिस्को हुशार होता. त्याने माणसं एकदम न पाठवता छोट्या छोट्या तुकड्यांनी, मध्ये अंतर ठेवून पाठवली. हेतू असा की पहिली तुकडी उतरेल, तिचा हिशेब चुकता होईल, ती आपापल्या देशी जाईल, मग दुसरी येईल. कार्थेजच्या कारभाऱ्यांना वाटलं, सगळ्यांना एकत्र जमवू आणि घासाघीस करून थकबाकीतली काही रक्कम माफ करून घेऊ. म्हणून कुणालाच पैसे न देता सगळ्यांना ठेवून घेतलं. शहरात मारामाऱ्या सुरू झाल्या. मग हातखर्चाला प्रत्येकी एकेक सोन्याचं नाणं देऊन सगळ्यांना बायकामुलांसकट सिक्का नावाच्या गावी धाडलं. तिथे काम नाही, शिस्त नाही, दिवसभर बसून आपलं किती येणं निघतं याची उजळणी. दरवेळी आकडा वाढत गेला. मग एक मोठा अधिकारी जाऊन म्हणाला, तिजोरीत खडखडाट आहे, थोडं सोडा. पुढे तीन वर्षांहून जास्त चाललेल्या युद्धात कार्थेज बुडता बुडता वाचलं. थकबाकी देऊन टाकली असती तर स्वस्तात सुटलं असतं.

मी नव्या माणसाला ही गोष्ट सांगतो, कारण आपल्या हातून होणारी प्रत्येक चूक तिच्यात आहे. एकत्र जमवणं, रिकामं बसवणं, हिशेब लांबवणं, किरकोळ उचल देऊन वेळ मारून नेणं, आणि शेवटी घासाघीस. मराठेशाहीतही पगार थकला की फौज सरदाराच्या दारात धरणं धरून बसे. माणसं बदलली, धरणं तेच आहे.

तर काय करायचं:

पैसे हातात आल्याशिवाय तारीख सांगू नका. मंजुरीचं पत्र म्हणजे पैसे नव्हेत. बँकेत जमा झाले म्हणजेही नव्हेत. तुमच्या पेटीत मोजून ठेवले की मग तारीख. मोझांबिकमध्ये १९९२ च्या तहानंतर ४९ शिबिरं लागली, काम रेंगाळलं आणि १९९४ मध्ये दोन्ही बाजूंच्या शिबिरांत बंडाळ्या झाल्या.

कागद देऊन पाठवू नका. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर १७८३ मध्ये सैनिकांना पगाराऐवजी वचनचिठ्ठ्या मिळाल्या. घरी जायला रोख नाही, म्हणून त्यांनी त्या दलालांना कवडीमोल विकल्या. पुढे सरकारने पूर्ण किंमत फेडली, ती दलालांना मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये पगारासाठी चिडलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या सभागृहाला वेढा दिला आणि काँग्रेस गाव सोडून प्रिन्स्टनला गेली.

सगळं एकदम देऊ नका. वाटखर्चापुरतं शिबिरात, बाकी हप्त्यांनी घराजवळ. मोझांबिकने बंडाळ्यांनंतरही हे नीट केलं: दोन वर्षांचं वेतन, आणि उचलायचं आपल्या जिल्ह्यातल्या बँकेत. माणूस घरी गेला तरच पैसे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८६५ मध्येही पलटणींना आधी आपापल्या राज्यात नेलं आणि शेवटचा पगार तिथे दिला. शिबिराच्या दारात पगार झाला की सावकार, दारूवाले, जुगारी आणि नायकांचे वसूलदार दारातच उभे असतात.

पैसे माणसाच्या हातात द्या. नायकाने ‘माझ्या माणसांचे मीच वाटतो’ म्हटलं की समजायचं तो किती कापणार. मोठ्याने नाव, चेहरा, ठसा, रक्कम, आणि त्याच्यासमोर मोजणी.

आणि सुटे पैसे आणा. हसू नका. माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी पेटीत सगळ्या मोठ्या नोटा, रक्कम मात्र अशी की प्रत्येकाला सुटे परत द्यावे लागणार. दुपारपर्यंत चाळीस माणसं झाली, रांग आठशेची. उन्हात अफवा उठली की पैसे संपले. संध्याकाळी आम्ही टेबलाखाली नव्हतो एवढंच.

पैसा कुठून आणायचा हे तुमचं काम नाही, पण वरच्यांना एक जुनी युक्ती जरूर सांगा. रोमच्या ऑगस्टसने इसवीसन ६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वेगळी तिजोरीच काढली, तिच्यासाठी वारसाहक्कावर पाच टक्के कर बसवला, आणि सुटणाऱ्या शिपायाला १२,००० सेस्टर्स (रोमन नाणी) ठरवून दिले. त्याआधीची कित्येक वर्षं सैनिकांना द्यायला जमीन कुठून काढायची या प्रश्नावर इटली होरपळली होती.

८. सुटकेचा कागद आणि वाटेचा शिधा

सुटकेचं प्रमाणपत्र साध्या कागदावर देऊ नका. पावसात भिजतं, घडीवर फाटतं, आणि खोटं तासाभरात तयार होतं. रोमन साहाय्यक सैनिकाला काशाचे दोन जोडपत्रे मिळत. मजकूर दोनदा कोरलेला, आतला सात साक्षीदारांच्या मोहरांनी बंद, बाहेरचा वाचायला. बाहेरच्यात फेरफार केल्याचा संशय आला तर मोहर फोडून आतला बघायचा. तुम्हाला कासं परवडणार नाही. पण प्लास्टिकचं आवरण, फोटो आणि रजिस्टरच्या पानाचा क्रमांक एवढं तरी करा.

बरोबर काय द्यायचं? साधे कपडे दोन जोड, बूट, कुटुंबाच्या हिशेबाने वाटेचा शिधा, आणि घरी पोचल्यावर पहिले काही आठवडे निघतील एवढं धान्य. शेतकऱ्याला पेरणीच्या आधी सोडलंत तर बियाणं; पेरणी उलटल्यावर सोडलंत तर तो वर्षभर बेकार. तारखा ठरवताना पंचांग नाही तरी हंगाम बघा.

अमेरिकेतल्या त्याच यादवी युद्धात १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला तेव्हा उत्तरेचा सेनापती ग्रँटने त्याच्या उपाशी सैन्याला २५,००० माणसांचा शिधा दिला, घरी जायचे अठ्ठावीस हजारांवर परवाने छापून वाटले आणि ज्याचा घोडा वा खेचर स्वतःचं आहे त्याला ते नांगरणीसाठी घेऊन जाऊ दिलं. शरणागतीच्या अटी म्हणून याकडे बघतात, मला तर तो चोख पुरवठा वाटतो.

गाड्या गावांप्रमाणे लावा, पलटणीप्रमाणे नको. सबंध तुकडी एकाच बसमध्ये बसवलीत तर ती पुढच्या नाक्यावर तुकडी म्हणूनच उतरेल.

९. शिबिर मोडणं

शेवटचे पन्नास राहतात. घर नसलेले, घरी जायची भीती असलेले, आजारी, आणि एखादा नुसताच हट्टी. त्यांच्यासाठी वेगळा वेळ धरा, घाईने ट्रकमध्ये घालू नका.

उरलेलं धान्य, तंबू, भांडी यांची यादी शिबिर मोडण्याच्या महिनाभर आधी करा आणि कुणाला द्यायचं ते लिहून ठरवा. नाहीतर शेवटच्या रात्री ठरतं आणि सकाळी कोठार रिकामं. शौचालयांचे खड्डे बुजवा. विहीर वा बोअर वस्तीच्या नावावर लेखी करून द्या. तोडलेल्या झाडांची भरपाई आधी ठरली असेल तर ती त्याच दिवशी चुकती करा.

रजिस्टरं खोक्यात भरताना बाहेर नुसतं ‘इतर’ लिहू नका. शिबिर, तारखा, पानं, सगळं लिहा. एक प्रत सरकारी दप्तरात, एक वेगळ्या शहरात. पगाराच्या हप्त्यांची तक्रार खिडकी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत उघडी ठेवा, आणि तिथे तोच कारकून बसवा ज्याने नोंदणी केली होती. दुसऱ्या शिबिरानंतर तीन वर्षांनी एक जण माझ्याकडे आला होता. त्याचं नाव यादीत चुकीचं लागलं होतं, आडनावाचं एक अक्षर. रजिस्टर काढलं, अंगठा जुळवला, आणि उरलेले दोन हप्ते त्याला मिळाले. पान क्रमांक त्याच्या प्रमाणपत्रावर छापलेला होता.